पाटावरचं पिस्तूल

माझ्या धाकट्या भावाचा हात ज्या आठवड्यात फाडला, त्याच आठवड्यात कंपनीने आम्हा सगळ्या डिलिव्हरीवाल्यांना सुरक्षेचा व्हिडिओ पाठवला. त्यात इस्त्रीचा टी-शर्ट घातलेली एक पोरगी हसत हसत सांगत होती, की रस्त्यात कोणी अडवलं तर घाबरू नका, ॲपमधलं लाल बटण दाबा. मी ते दाबून बघितलं. आधी संगीत वाजलं, मग रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला, आपण सुरक्षित असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. दोन दाबलं तर म्हणाली, आमचे सर्व प्रतिनिधी सध्या व्यस्त आहेत. मला अशी शिसारी आली की फोन मोरीतल्या पिंपात टाकावासा वाटला. भावाचा फोन तर चोरांनीच नेला होता. त्याने बटण दाबायचं ते कशावर, हे त्या पोरीने सांगितलं नाही.

आम्ही दोघे भाऊ लालबागच्या एकाच चाळीत, शेजारशेजारच्या खोल्यांत राहतो. तो चाळिशीला टेकलेला, माझी पन्नाशी उलटली. तो माझ्या आधीपासून खाण्याच्या डिलिव्हरीत आहे. मी फौजेतून सुटलो आणि बँकांच्या एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या व्हॅनवर गनमॅन म्हणून लागलो. बंदूक माझी, लायसन माझ्या नावाचं, बारा बोअरची दुनळी. एजन्सीचं कंत्राट गेलं, पोरं वयाने कमी हवीत असं कळवण्यात आलं, तेव्हा बंदूक माळ्यावर चढली आणि मी भावाच्या मागोमाग पाठीवर बॅग लावून स्कूटरवर बसलो. बाकीचे रायडर मला फौजी म्हणतात.

भावाला भरदुपारी मारलं. भायखळ्याहून जेवण घेऊन तो रे रोडला लाकडाच्या वखारींच्या बाजूला चालला होता. स्कूटरवरच्या दोघांनी पत्ता विचारायच्या निमित्ताने त्याला थांबवलं आणि फोनला हात घातला. याने फोन सोडला नाही, कारण फोन गेला की धंदा गेला. मग मागे बसलेल्याने ब्लेड काढून मनगटापासून कोपरापर्यंत ओढलं. वखारीतले लोक बघत होते, एक जण शूटिंग करत होता. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा कंपनीचा फोन माझ्या नंबरवर आला, कारण अडीअडचणीला म्हणून त्याने माझा नंबर दिला होता. पलीकडच्या पोराने पहिला प्रश्न विचारला, ऑर्डर कस्टमरला पोचली का. मी फौजेत शिकलेल्या सगळ्या शिव्या त्याला दिल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतल्या आणि कॉलला रेटिंग द्या म्हणाला.

आम्ही रायडर लोअर परळला एका जुन्या मिलच्या भिंतीला लागून असलेल्या कट्ट्यावर ऑर्डरची वाट बघत बसतो. मिलच्या आत आता ऑफिसं आणि हॉटेलांची किचनं आहेत. भावाची बातमी पसरल्यावर आठवडाभर तिथे दुसरा विषय नव्हता. कोण म्हणाला मिरचीचा स्प्रे ठेवू, कोण म्हणाला लोखंडी कडं घालू. एकाने सरळ सांगितलं, अमेरिकेत म्हणे पिझ्झावाला पण कमरेला घोडा खोचून फिरतो, खरंखुरं पिस्तूल.

"फौजी, तुझ्याकडे तर लायसन आहे. घेऊन ये ना बाहेर," तो मला म्हणाला. "तुला कोण काय बोलणार?"

"दुनळी आहे ती. बिर्याणीच्या बॅगेत मावत नाही," मी म्हणालो. सगळे हसले. मला हसू आलं नव्हतं.

परळचा एक जण तेवढा हसला नाही. तो माझ्याच वयाचा, माझी त्याची वडापाव वाटून खायची दोस्ती. त्याचे वडील त्याच मिलमध्ये होते आणि घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांचं कपाट आहे. त्याची मुलगी वकिलीचं शिकते, त्यामुळे कट्ट्यावरचा कायदा त्याच्याकडे. तो म्हणाला, "सामान ठेवा, जरूर ठेवा. नाक्यावर चेकिंगला पहिली आपलीच गाडी साईडला घेतात. आज बॅगेत पनीर सापडतं म्हणून सोडतात. उद्या सुरा सापडला की काय सांगणार, कांदा कापायला ठेवलाय?"

"मग काय मार खायचा?" दुसऱ्याने विचारलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण हत्यार काढणाऱ्या हजारांत आपलाच फोटो पेपरात येणार, एवढं माहीत आहे."

मला कोणी माझं मत विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की बंदुकीसोबत एवढी वर्षं राहून मला तिची किळस आलेली आहे. उन्हात तापलेल्या व्हॅनमध्ये पेट्यांवर बसायचं, गुडघ्यांत नळी धरायची, लघवी दाबून ठेवायची. एजन्सीचा साहेब पहिल्याच दिवशी शिकवतो, गाडीजवळ आलेला प्रत्येक माणूस चोर समजायचा. भाजीवाली चोर, शाळेतून घरी चाललेलं पोर चोर. महिन्याभरात डोळा तसाच होतो. चाळीत कोणी जिन्यात मागून आलं तरी मी गर्रकन वळायचो. बायको म्हणायची, अहो, मी आहे. पण हे मत कोणी विचारलं नाही. त्यांना फक्त बंदूक हवी होती.

भावाचे टाके निघाले, तो परत रस्त्यावर आला, पण तो आधीचा राहिला नव्हता. रे रोड, माझगाव, गोदीकडची ऑर्डर आली की तो नाकारायचा. नाकारलं की ॲप रुसतं आणि चांगल्या ऑर्डरी दुसऱ्याकडे जातात. सिग्नलला शेजारी स्कूटर थांबली की हा सिग्नल सुटायच्या आधीच गाडी पुढे काढायचा. एक दिवस मी त्याची बॅग जिन्यावरून वर आणत होतो, तर बाजूच्या कप्प्यात काहीतरी जड लागलं. काढून बघितलं तर वीतभराहून लांब पात्याचा चॉपर, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. बनियनला कोणाच्या तरी चिकन मसाल्याचा वास लागला होता.

मी त्याला गॅलरीत ओढला. "हे काय आहे? अक्कल गहाण टाकलीस काय?"

"तुका बोलूक काय जाता?" भाऊ चिडला की आईच्या मालवणीत शिरतो. मग मुंबईच्या बोलीवर आला. "तुझ्या गाडीत नोटा होत्या, म्हणून तुझ्या हातात बंदूक दिली. लोकांच्या नोटा. माझ्या बॅगेत माझं पोट आहे, त्याला काय नको?"

मी नुसता ओरडत राहिलो. चॉपर काढशील आणि समोरचा पळाला नाही तर काय करशील, मारशील का? तो म्हणाला, "मारणार नाय रे. नुसता जवळ असला की मी गाडी चालवू शकतो. नसला की हँडल धरवत नाही." भावजय दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, ह्यांना तुम्हीच समजवा. मी सांगून दमले." शेवटी त्याने कबूल केलं, की नवरात्र संपेपर्यंत ठेवतो, धंदा जोरात आहे तोवर, मग फेकून देतो. मी मान डोलावली. गिऱ्हाइकाशी घासाघीस करावी तशी मी त्याच्याशी चॉपरची घासाघीस केली होती.

खंडेनवमी आली. आमच्या वडिलांच्या वेळी त्या दिवशी मिलमध्ये साच्यांना, कापड विणायच्या मागांना, हार घालायचे. साचे गेले, पण दिवस गेला नाही. कट्ट्यावरच्या रायडरनी सकाळी स्कूटरी धुतल्या, हँडलला झेंडू बांधला, एका पाटावर हेल्मेटं, चार्जर, पाने-पकडी, पंक्चरचं सामान मांडलं. आपण ज्याच्यावर जगतो ते पाटावर ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, त्याच्यापुढे हात जोडायचे. यात मला कधी काही वावगं दिसलं नव्हतं. मी तेवढा वेळ थांबलो नाही, कारण त्या दिवशी अख्ख्या मुंबईला झेंडू घरपोच हवा असतो आणि मी तीही कामं घेतो.

दहाच्या सुमाराला मी कट्ट्यापासून जवळच्याच एका टॉवरमध्ये हार, नारळ, विड्याची पानं घेऊन गेलो. सर्व्हिस लिफ्टमध्ये कुत्र्याला फिरवणाऱ्या माणसाबरोबर उभा राहिलो, कुत्र्याने माझी बॅग चाटली, माणूस मोबाइलमध्ये होता. दार उघडलं ते रेशमी कुर्त्यातल्या एका गृहस्थाने. मागे हॉलमध्ये चंदनी पाट, त्यावर लाल कापड आणि कापडावर काळं कुळकुळीत पिस्तूल.

"काका, तुम्ही मराठी ना?" तो म्हणाला. "जरा सांगा ना, हळद आधी की कुंकू? आमचा गुरुजी फोन उचलत नाही."

मी म्हणालो, हळद आधी. मग म्हणाला, आत या, एक फोटो काढा. मी बूट काढून आत गेलो. तो, त्याची बायको आणि पाचेक वर्षांची मुलगी पाटामागे बसली. मुलीने पिस्तुलाच्या नळीवर बोटाने कुंकू लावलं आणि बोट फ्रॉकला पुसलं. मी त्याच्या फोनवर फोटो काढला. तो लगेच तो फोटो कुठेतरी टाकू लागला. मी न राहवून विचारलं, भरलेलं तर नाही ना? तो हसला. म्हणाला, सेल्फ डिफेन्स आहे काका, जमाना खराब आहे, तुमच्यासारखे चांगले असतात पण रोज वीस अनोळखी माणसं दाराशी येतात. वीस अनोळखी माणसं म्हणजे आम्ही. त्याच्या अंगाला झेंडूचा वास, खोलीत एसी, आणि मी अनवाणी उभा. माझ्या तोंडून निघून गेलं, की माझंही लायसन आहे, दुनळी आहे, मी व्हॅनवर होतो. का सांगितलं देव जाणे. मीही कोणीतरी आहे हे त्याला कळावं म्हणून असेल. त्याचे डोळे चमकले. त्याने माझा नंबर घेतला आणि टीप म्हणून लाडूचा डबा दिला. लाडू मी खालीच वॉचमनला देऊन टाकले.

तिकडे कट्ट्यावर मी निघाल्यानंतर भावाने बॅगेतून चॉपर काढून पाटावर मधोमध ठेवला होता. परळवाला अशा पूजेला येत नाही, तो असता तर त्याने अडवलं असतं. बाकी कोणाला त्यात काही खटकलं नाही. खंडेनवमीला शस्त्राची पूजा करायची नाही तर कधी करायची? पाठमोऱ्या स्कूटरी, बॅगांवर कंपनीचं नाव, झेंडूच्या राशीत ते पातं, मागे माझा भाऊ हात जोडून, जखमेचा वळ कॅमेऱ्याकडे. एकाने फोटो काढला, सगळ्यांनी स्टेटसला ठेवला. संध्याकाळी भाऊ घरी चहा पीत असताना पोलीस आले आणि त्याला चॉपरसकट घेऊन गेले.

मी ठाण्यात गेलो तर तिथे शस्त्रागाराच्या दाराला तोरण होतं. टेबलावर रांगेने रायफली मांडलेल्या, त्यांना हळदकुंकू, प्रत्येकीला झेंडूचा हार. खाली रांगोळी होती. भाऊ त्या रांगोळीपलीकडे बाकावर बसला होता, जखमेचा हात मांडीवर घेऊन. मी अधिकाऱ्याला सगळं सांगितलं, रे रोडचं, ब्लेडचं, टाक्यांचं. त्याने ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता.

"रे रोडची तक्रार दिली होती?" त्याने विचारलं.

"दिली होती साहेब. तपास चालू आहे म्हणतात."

"असेल. पण ह्याचा फोटो हजारो लोकांनी बघितलाय. वरून फोन आला." त्याने फोटो माझ्यापुढे धरला. "तुम्ही तर लायसनवाले, फौजेतले. तुम्हाला समजायला पाहिजे होतं."

मी विचारलं, टॉवरमधले लोक पण आज हेच करतात, त्यांचे फोटो नाही का दिसत? तो म्हणाला, "त्यांच्याकडे लायसन असतं ना." आणि त्याने हवालदाराला प्रसादाचा पेढा मला द्यायला सांगितलं. मी तो मुठीत धरून उभा राहिलो, घामाने तो चिकट झाला. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. त्याला भीती चॉपर गेल्याची नव्हती की केसची नव्हती. त्याच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला होता, आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे, आपल्या सेवेबद्दल आभार.

दुसऱ्या दिवशी जामीन झाला, परळवाल्याच्या मुलीने ओळखीतला वकील दिला. पण डिलिव्हरीची कुठलीही कंपनी पोलिसांचा दाखला मागते आणि भावाला आता तो मिळणार नव्हता. मॉलमध्ये, गोडाऊनमध्ये, शाळेच्या बसवर, सगळीकडे तोच दाखला. जखमेच्या हाताने ओझी उचलता येत नव्हती. भावजय दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागली. भाऊ दिवसभर गॅलरीत बसून समोरची भिंत बघायचा. मी एकटा चौदा तास चालवूनही दोन खोल्यांचं भागत नव्हतं आणि पुतण्यांसमोर तोंड वर करून बघवत नव्हतं. माझ्या मनात राग होता, पण तो कोणावर काढायचा हेच कळेना. ब्लेडवाले सापडले नाहीत, कंपनीला तोंड नाही, आणि ज्याने चॉपर पाटावर ठेवला तो माझाच भाऊ.

अशात त्या टॉवरवाल्याचा फोन आला. "काका, ओळखलं का? तुम्हाला काम आहे. आमच्या सोसायटीला सर्व्हिस गेटवर गनमॅन हवाय, स्वतःच्या बंदुकीवाला. तुमचं सगळं कायद्यात आहे ना?"

मी विचारलं, अचानक गनमॅन कशाला?

"अहो, तुम्ही बघितला नाही का तो फोटो? आमच्या ग्रुपवर आला होता. डिलिव्हरीवाले आता चॉपर घेऊन फिरतात. लेडीज घाबरल्यात. कमिटीने लगेच पास केलं."

मी फोन कानाला धरून जिन्यात उभा होतो. तो माझा भाऊ आहे, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने पगार सांगितला. व्हॅनवर मिळायचा त्याच्यापेक्षा बराच जास्त होता. विचार करून सांगतो म्हणालो, पण विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी सगळ्यांसमोर सांगितलं. भाऊ उठला, स्टुलावर चढला आणि चांगल्या हाताने माळ्यावरून बंदूक ओढून काढली. खोळीवरची धूळ त्याने स्वतःच्या शर्टाने पुसली. "जा," म्हणाला. "कोणीतरी कमवायला पाहिजे." मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मी सर्व्हिस गेटला असतो. निळा गणवेश, खांद्यावर दुनळी. हुकूम असा आहे, की रायडर आला की त्याने बॅग उतरवून उघडायची, गार्डने आत बघायचं, मगच लिफ्ट. पहिल्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला परळवाला आला. त्याने स्कूटर लावली, मला बघितलं, बंदूक बघितली. मी काहीतरी हसून बोलणार होतो, अरे, कसा आहेस, पोरगी काय म्हणते. त्याने नजर खाली नेली, बॅग जमिनीवर ठेवली आणि चेन उघडली.

"बघा साहेब," तो म्हणाला.

मी वाकून आत बघितलं.